निळी रेघ

बत्तीस वर्षं मी रेल्वेची नोकरी केली. तिकिटं दिली, पार्सलं तोलली, उशिरा आलेल्या गाड्यांपायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यातलं आज कुणाला काही आठवत नाही आणि आठवावं असं त्यात फारसं नव्हतंही. लोकांच्या लक्षात राहिला तो मी रंगवलेला एक फळा. अजूनही कुणी ओळख करून देताना म्हणतं, "हे शेखसाहेब, नकाशावाले." या अंकाच्या संपादकांनीसुद्धा पत्रात तेच लिहिलं, की नकाशाची गोष्ट लिहा आणि सोबत त्याचा फोटो पाठवा. फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी नव्या सदऱ्यात फळ्याशेजारी उभा आहे आणि एक मोठे साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून हसताहेत. तो मी पाठवलेला नाही. का नाही ते लिहितो, म्हणजे गोष्टही लिहून होईल.

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचा रूळ शिरतो तो वडशाला जरासा, आणि घाईघाईने बाहेर पडतो. बाकी सगळा जिल्हा मोटारीच्या आणि पायांच्या भरवशावर. त्यामुळे चांदा फोर्टच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, मार्गावरच्या काही स्टेशनांवर लोक गाडीतून उतरतात आणि पुढे सावली, गडचिरोली, आलापल्लीकडे जाणाऱ्या मोटारी पकडतात. अशाच एका स्टेशनावर मी क्लार्क होतो. नाव लिहीत नाही. नव्वदीतली गोष्ट, छोट्या गाडीचे अरुंद रूळ उखडून मोठ्या गाडीचे रूळ टाकण्याचं काम संपत आलेलं. गाड्यांच्या वेळा बदलल्या होत्या, थांबे बदलले होते, आणि तिकिटाच्या जोडीला चौकशीची खिडकी माझ्याच गळ्यात होती.

बाहेरच्यांना वाटतं, चौकशीच्या खिडकीत बसायचं म्हणजे गाडीची वेळ सांगायची. आमच्याकडे वेळ कुणीच विचारत नसे. बाई विचारी, लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, तिला आणायला चामोर्शीकडे जायचं तर उद्या सूर्य बुडायच्या आत पोचेन का? कुणी विचारी, हेमलकशाच्या दवाखान्यात भावाला नेलंय, तिथवर माझ्याच्यानं जाणं होईल का? मग त्याला विचारावं लागे, कुठून आलास, सोबत कोण, पायाला काय झालंय. एका माणसाला दहा मिनिटं लागत आणि मागे रांग वाढत जाई. सिरोंच्याकडची मिरची तोडायला निघालेली टोळी आली की तेलुगूत बोलणाऱ्या मुकादमाशी हातवारे करता करता माझ्या नाकी नऊ येत. मी तसा तापट माणूस. संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसलेला असे आणि डोकं फिरलेलं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ती रांग पाहिली आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, हे काय चाललंय? मी म्हणालो, मला एक पत्र्याचा फळा आणि तीन डबे रंग द्या, ही रांग मी संपवतो. एवढं मोठं बोलायला मला कारण होतं. माझे अब्बा वरोऱ्याचे पेंटर. कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपासून चपलांच्या दुकानापर्यंत गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. रेघ ओढताना श्वास रोखायचा, मध्ये सोडला की रेघ हलते, हे मी अक्षरं वाचण्याआधी शिकलो होतो.

पहिला नकाशा मी सर्व्हेच्या कागदावरून उतरवला. अगदी खरा, जिथे वळण तिथे वळण. तो बकरीच्या आतड्यासारखा दिसत होता आणि तितकाच उपयोगाचा होता. गावांची नावं एका बाजूला दाटीवाटीने, दुसरीकडे नुसता मोकळा पत्रा. मी तो पुसला. मग एका दुपारी स्टेशन मास्तरांच्या खोलीत त्यांच्या समोरचं पॅनेल पाहत बसलो होतो. त्यावर आमच्या स्टेशनातले रूळ दाखवलेले असतात, कुठल्या रुळावर गाडी उभी आहे हे दिव्यांनी कळतं. बाहेर खिडकीतून दिसणारा रूळ चांगला वळणाचा, पण पॅनेलवर तोच रूळ पट्टी लावल्यासारखा सरळ. मास्तरांना वळणाशी काही देणंघेणं नव्हतं. कशानंतर काय येतं, एवढंच त्यांना हवं होतं. मला वाटलं, माझ्या प्रवाशाला तरी याहून दुसरं काय हवंय!

तसं मी केलं. सगळे मार्ग सरळ, एक तर उभे नाही तर आडवे. गावं म्हणजे ठिपके, सगळे सारख्या अंतरावर. जिथे गाडी बदलून मोटार धरायची तिथे ठिपक्याभोवती मोठं कडं. स्टोअरमधून तीन रंग मिळाले होते, लाल, पिवळा आणि निळा. लाल मोठ्या गाडीला दिला, पिवळा नागपूरकडच्या छोट्या गाडीला, आणि उरलेला निळा मोटारीला. आमच्या स्टेशनपासून एक निळी आडवी रेघ सावलीवरून गडचिरोलीपर्यंत गेली. तिथे ती उभ्या निळ्या रेघेला मिळाली. ही उभी रेघ म्हणजे आरमोरीकडून खाली चामोर्शी, आष्टीकडे जाणारा मोटारीचा रस्ता. नद्या, डोंगर, जंगल सगळं मी काढून टाकलं होतं.

स्टेशनात पडेल ते काम करणारा आमचा खलाशी दौलतभाऊ शिडी धरून उभा होता. सावलीकडचा माणूस, वयाने माझ्याहून बराच मोठा. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सायेब, नदी कुठी हाय? नदी नाई तं मानसाले समजन कसं, तो अल्याड हाय का पल्याड?"

मी वरूनच म्हणालो, "दौलतभाऊ, नदीवर आपली गाडी थांबत नाही."

खाली उभे असलेले दोघे-तिघे हसले. दौलतभाऊही हसला, मला वाईट वाटू नये म्हणून, आणि दिव्यांच्या काचा पुसायला निघून गेला.

फळा लागला आणि मी म्हणालो तसंच झालं. लोक येत, बोट ठेवून लाल रेघेवरून सरकत, कड्यापाशी थांबत, निळीवर वळत. मिरचीवाल्या मुकादमाने तर साऱ्या टोळीला फळ्यासमोर बसवून शिकवणीच घेतली. एका वनरक्षकाने माझ्याशी भांडण काढलं, की चाळीस कोसांचं जंगल तुम्ही चार बोटांत बसवलंत. ते भांडणही मला गोड लागलं. रांग आटली. साहेब पुन्हा आले, तेव्हाच तो फोटो निघाला. तसे फळे आणखी काही स्टेशनांवर लागले, आणि मी आपलीच पाठ थोपटून घेत साहेबांना सुचवलं, की आता चौकशीच्या खिडकीची गरज नाही. ती बंद झाली. तिच्या फळीवर मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं, "चौकशीसाठी फळा पाहावा." खाली बाण काढला.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. तीन दिवस झड लागली होती. चांद्याकडच्या रस्त्यावर जंगलात झाडं पडून वाहतूक बंद होती. गडचिरोलीचा रस्ता मात्र चालू होता. वैनगंगा दुथडी भरून वाहत होती तरी पुलाखालून, आणि मोटारी आमच्या स्टेशनबाहेरून दर तासाला सुटत होत्या. दौलतभाऊ सुटीवर होता. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की तो सुटी घेऊन सावलीला घरच्या बांधीत उतरे, साहेबांनी नाही म्हटलं तरी.

सकाळी एक गोंड जोडपं आलं. माणूस पंचविशीचा, बायको त्याच्या पाठीवर. त्याने तिला फळ्याखालच्या बाकावर निजवलं आणि चवाळं डोक्यावरून ओढून दिलं. ती थंडीने कापत असावी, पण त्या हवेत कापत नव्हतं कोण? थोड्या वेळाने मी पार्सलची गोणी मोजायला बाहेर आलो तेव्हा तो फळ्यापुढे उभा होता. बोट गडचिरोलीच्या ठिपक्यावर. ओठ हलत होते, अक्षरं जुळवत होता. मग बोट निळ्या रेघेवरून हळूहळू आमच्या स्टेशनपर्यंत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. वळून त्याने बायकोला गोंडीत काही सांगितलं. तीही चवाळं बाजूला करून फळ्याकडे पाहत काहीतरी बोलली. मला बरं वाटलं. जंगलातला माणूससुद्धा वाचतो आहे, असं मनात म्हणालो. ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

मग तो तिकिटाच्या खिडकीशी आला आणि चांद्याची दोन तिकिटं मागितली. मी दिली. गाडी संध्याकाळी आहे म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली. काऊन जातोस, कोण आजारी आहे, हे मी विचारलं नाही. चौकशीच्या खिडकीत असतो तर विचारलं असतं, कारण तिथे विचारल्याशिवाय काम पुढे सरकतच नसे. तिकिटाच्या खिडकीत स्टेशनचं नाव पुरे होतं.

गाडीला पावसामुळे उशीर झाला. ती आली तेव्हा मी फलाटावर होतो. त्याने बायकोला उचललं, आणि तिची मान ज्या तऱ्हेने मागे गेली ते पाहून मी धावलो. अंग तापलेलंच होतं. पण ती गेली होती. गाडी दोन मिनिटं थांबली आणि निघून गेली.

त्याचं नाव सुक्रू, तिचं मंगली. त्याच्या सदऱ्याच्या खिशात गावाजवळच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंची चिठ्ठी होती. ताप मेंदूत चढतो आहे, ताबडतोब गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं त्यात लिहिलं होतं. मी ती दोनदा वाचली. बाहेर गडचिरोलीची मोटार उभी होती. तिचा कंडक्टर ओरडून माणसं बोलावत होता आणि ते आम्हाला आतपर्यंत ऐकू येत होतं.

मी विचारलं, "मोटार दर तासाले जाऊन राह्यली होती. मोटारीनं काऊन नाई गेला?"

सुक्रूने फळ्याकडे हात केला. "पूर हाय ना, सायेब. इथून गडचिरोलीवरी पानीच पानी. त्याच्यावर दाखवलं हाय."

मला आधी कळेना. मग मी त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझा नकाशा दिसला. लाल रुळाच्या उजव्या अंगाला, वरून खाली, निळी रेघ. वैनगंगा जिथून वाहते जवळजवळ तिथूनच. आणि आडवी निळी रेघ तिला मिळणारी, नाला नदीला मिळतो तशी. सुक्रू आश्रमशाळेत दुसरीपर्यंत शिकला होता. तिथल्या भिंतीवरच्या नकाशात निळं म्हणजे पाणी, एवढं त्याने पक्कं लक्षात ठेवलं होतं. नदी इतकी जवळ नसते हे त्याला ठाऊक होतं. पण तीन दिवसांची झड, आणि सरकारी फळ्यावर पाणी स्टेशनच्या दारापर्यंत आलेलं. मोटारवाले काय, माणसं भरायला ओरडतातच. त्याने सरकारी फळ्यावर विश्वास ठेवला आणि गाडीने चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. जे शाळेत कधीच गेले नव्हते ते फळ्याकडे न बघता कंडक्टरला विचारून मोकळे होत. हा शिकला होता. नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात "निळी रेघ – मोटार" लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे तेंदूच्या पोत्यांची थप्पी लावलेली होती.

तो बंद असलेल्या चौकशीच्या खिडकीशीही गेला होता. तिथलं माझं अक्षर त्याने जुळवून वाचलं आणि सांगितल्याप्रमाणे फळ्याकडे आला.

माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. वहीत नोंद झाली, महिला प्रवाशाचा आजाराने मृत्यू. नियमाला धरून होती. मी कुणाला काही बोललो नाही. आठवड्याने दौलतभाऊ रोवण्याहून परत आला, तेव्हा मात्र राहवलं नाही आणि त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तसं तं लय झन समजत होते, सायेब. मी सांगत राहो, बाप्पा, ते नदी नाई, मोटार हाय."

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. एकदा सांगितलं होतं, आणि मी शिडीवरून त्याचं हसं केलं होतं.

सुटीच्या दिवशी मी सुक्रूच्या गावाला गेलो. रेल्वेच्या कामानं आलोय, नकाशा नीट करायचाय, तू मदत कर, म्हणालो. पहिला कुणी काढला ते सांगितलं नाही. सांगायचं ठरवूनच निघालो होतो, पण त्याच्या अंगणात बसल्यावर जीभ उचलली नाही. कोपऱ्यात मंगलीची मोहफुलं वेचायची टोपली पालथी पडली होती. मी त्याला विचारलं, तू कुणाला वाट सांगतोस तर कशी सांगतोस? त्याने काडी घेतली आणि धुळीत आधी नदी काढली. चांगली वळणावळणाची. मग तिला मिळणारे नाले, मग ते पावसात कुठे अडवतात तिथे खडे ठेवले. गावं शेवटी आली. रस्ता त्याने काढलाच नाही. म्हणाला, नदी समजली की वाट सापडते. मी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. त्याने मला पाणी दिलं आणि नाल्यापर्यंत पोचवायला आला.

मग मी वर पत्र लिहिलं, की सगळ्या स्टेशनांवरचे फळे बदलावे, काही प्रवाशांचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. काही प्रवासी म्हणजे मंगली. हे लिहायची माझी छाती झाली नाही. नाव घातलं असतं तर कदाचित फळे बदलले असते आणि माझी नोकरी गेली असती. उत्तर आलं, की फळे सर्वत्र एकसारखे असणं आवश्यक आहे, बदलाची गरज दिसत नाही. त्या पत्रात नकाशाची स्तुतीही होती. इतर ठिकाणच्या निळ्या रेघा पत्रा गंजेपर्यंत तशाच राहिल्या. त्यांच्यामुळे आणखी कुठे काय झालं मला माहीत नाही. हे माहीत नसणं मी अजून वागवतो आहे.

आमच्या स्टेशनचा फळा मात्र मी परवानगी न घेता खरवडला. अब्बांचे जुने ब्रश वरोऱ्याहून आणले. आधी नदी काढली, निळी, वळणाची, श्वास न रोखता. ती हलली तर हलू दिली. नाल्यांवर खडे दाखवले. मोटारीला हिरवा रंग दिला आणि तिच्या रेघेवर चाकं असलेली मोटारच काढली, पोराच्या पाटीवर असते तशी. दौलतभाऊ शिडी धरून उभा होता. चौकशीच्या खिडकीवरची अक्षरं पुसून मी ती उघडली आणि पुन्हा तिच्यात बसू लागलो. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, लोकांना वाचता येत नाही. तेही खोटंच होतं.

रंग वाळतो न वाळतो तोच बाजाराच्या दिवशी सुक्रू आला. मी खिडकीतून उठून बाहेर गेलो. तो फळ्यासमोर उभा राहिला, नदीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत गेला, खड्यांपाशी थांबला. आता बरोबर आहे, म्हणाला. मग हिरव्या रेघेकडे पाहून विचारलं, "हे आदी निळी होती ना?"

"होती," मी म्हणालो. "सुक्रू, ती निळी मी केली होती. हा फळा आदीपासून माझाच हाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर फार बरं झालं असतं. तो त्या बाकावर बसला. मीही बसलो. बाहेर कंडक्टर सावली, गडचिरोली ओरडत होता. सुक्रू बोलला, पण माझ्याकडे न बघता.

"मंगली म्हने, अशी सरळ नदी मी कुठी पाह्यली नाई. नदी नसन ते." तो थांबला. "मीच म्हटलं तिले, सरकारची नदी हाय, सरळच राहन."